एकसष्टावा कप्पा

चाळणीनं पिवळा ठिपका दाखवला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवून बसले होते. बिस्किट तुटून तळाला गेलं आणि मी ते काढायचंही विसरले, यावरून काय ते समजा.

चाळणी म्हणजे आमच्या ऑफिसातलं एक सॉफ्टवेअर. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नाही. आमची कंपनी औषधांच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवते. फ्रिज गरम व्हायला लागला की दवाखान्यात घंटा वाजते. ही यंत्रणा चालवणारा प्रोग्रॅम आमचेच लोक लिहितात, पण सगळा काही स्वतः लिहीत नाहीत. कोणीच लिहीत नाही. जगात हजारो लोकांनी आपापले प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवलेले असतात, त्यातलं हवं ते उचलायचं. फक्त खुलं म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येकाची काही अट असते. एखादा म्हणतो, घ्या, पण माझं नाव राहू द्या. दुसरा म्हणतो, घ्या, पण मग तुमचा प्रोग्रॅमही असाच सगळ्यांना खुला करा. या अटी आमच्याकडे पाळल्या जातात की नाही, हे बघणं माझं काम. चाळणी आमची प्रत्येक फाइल जगातल्या खुल्या फायलींशी ताडून बघते. गंमत म्हणजे ही चाळणीसुद्धा अशीच कोणीतरी सगळ्यांना वाटलेली आहे.

लाल ठिपका म्हणजे सरळसरळ नक्कल. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे थोडंफार साम्य आहे, माणसानं बघावं. पिवळे ठिपके रोज येतात आणि खरं सांगायचं तर माणूस ते फारसे बघत नाही. दोघांनी सरासरी काढायची म्हटली तर ती सारखीच दिसणार, त्यात बघायचं काय? मीही पुढे गेले असते. पण फायलीच्या डोक्यावर खारूचं नाव होतं. खारू म्हणजे माझा धाकटा भाऊ.

म्हणून मी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. नावं वेगळी, मांडणी वेगळी. हायसं वाटलं. मग मला कप्पे दिसले. आमचा फ्रिज दर मिनिटाला तापमान कळवतो. तासाची मापं ठेवायला साठ कप्पे लागतात. खारूनं एकसष्ट केले होते. एकसष्टाव्यात काहीच नाही, नुसतं शून्य, आणि सरासरी काढायच्या आधी तो कप्पा हळूच बाजूला टाकून दिलेला. म्हणजे आधी बनवायचा आणि मग न वापरता फेकायचा. असं शहाणं माणूस करत नाही. आणि जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या त्या परक्या माणसाच्या फायलीतही कप्पे एकसष्टच होते. शेवटचा तसाच रिकामा, तसाच फेकलेला.

परक्याची अट दुसऱ्या जातीची होती: घ्या, पण तुमचंही खुलं करा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला एका मोठ्या दवाखान्याला लिहून द्यायचं होतं की आमच्या या नव्या यंत्रणेत न सांगता उचललेलं काहीही नाही. त्याखाली सही माझी. सही केली तर मी खोटारडी, नाही केली तर खारूची नोकरी गेली. दोन ठिकाणी त्याचं बस्तान बसलं नाही म्हणून इथं त्याच्यासाठी शब्द मीच टाकला होता.

आमच्या कंपनीच्या वकीलबाईंनी त्याला घेतानाच मला बजावलं होतं, "भावाचं काही आढळलं तर आधी माझ्याकडे यायचं. स्वतः निस्तरायला जायचं नाही." त्यांची केबिन माझ्या टेबलाच्या अगदी समोर आहे. काचेतून त्या मला दिसत होत्या, निवांत संत्रं सोलत. मी उठले, प्रिंटरपर्यंत गेले, कोणाचा तरी कागद उगाच उचलून वाचला आणि परत येऊन बसले. मग पोट बिघडलंय असं सांगून घरी आले. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

बाबा माझ्याकडे राहतात. ते शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. उत्क्रांती अशी रंगवून सांगायचे की मुलांनी त्यांचं नाव माकडसर ठेवलं, आणि बाबांना ते इतकं पसंत पडलं की निरोप समारंभाच्या भाषणात त्यांनी स्वतःची ओळख तशीच करून दिली. आमच्या घरात देव नव्हता. "वर कोणी बघत बसलेलं नाही," बाबा म्हणायचे, "म्हणून आपलं आपल्यालाच बघावं लागतं." ऐकायला छान आहे. एखाद्या लहान पोराला सांगून बघा. माझी मैत्रीण परीक्षेआधी डोळे मिटून हात जोडायची आणि तिची काळजी तिथल्या तिथे मिटायची. माझ्या काळजीला ठेवायला दुसरी जागाच नव्हती, ती माझ्याच पोटात राहायची. अजूनही तिथंच आहे, वयानं वाढली एवढंच.

संध्याकाळी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, मुलांनी कॉपी केलीय हे तुम्ही कसं ओळखायचात?"

त्यांची कळी खुलली. "चुकांवरून," ते म्हणाले. "बरोबर उत्तरं सगळ्यांचीच सारखी असतात, त्यानं काही सिद्ध होत नाही. पण दोघांची चूक सारखी, तीही विचित्र, तीही त्याच जागी, म्हटल्यावर ती एकाच ठिकाणाहून आलेली." मग गाडी नेहमीच्या रुळावर गेली. "आता आपलंच बघ. क जीवनसत्त्व बहुतेक प्राणी आपापल्या शरीरात बनवतात. आपल्याला नाही येत. बनवायची कृती आपल्या पेशींत आहे, पण मोडकी. आणि माकडांत बघायला जावं तर तीच कृती, तशीच मोडकी! दोघांना दोन डोळे आहेत म्हणून मी नातं मानणार नाही. पण दोघांच्या माळ्यावर एकच मोडकं सामान निघालं तर ते एका घरातून आलंय, यात शंका नको. माकडहाड कशाला आहे आपल्याला? शेपूट गेली, बुडखा राहिला. कोणी काढला नाही म्हणून राहिला."

माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत होता. "म्हणजे पक्कंच?"

"पक्कं. म्हणून तर मी स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही."

ही गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागते. खारू आठवीत बाबांच्याच वर्गात होता. ते वर्षच आमच्याकडे वाईट होतं. आईचा अर्धा मुक्काम दवाखान्यात असायचा आणि वर्ष सरायच्या आत ती गेली. त्याआधीच्या एका परीक्षेत माणसाच्या हृदयाची आकृती काढायची होती. हृदयाला कप्पे चार. खारूनं काढले पाच, आणि त्याच्या बाकावरच्या मुलानंही पाच. बाबांनी भर वर्गात दोघांना उभं करून शून्य दिलं. पोटचा पोर म्हणून पंक्तिप्रपंच केला नाही, याचा त्यांना आजही अभिमान आहे. खारू तेव्हा एक शब्द बोलला नाही. पुढे त्यानं जीवशास्त्राला हात लावला नाही, आणि बाबांशी बोलतो तेही माझ्यामार्फत. "ताई, बाबांना मीठ हवंय का विचार." बाबा समोरच बसलेले असतात. मग बाबा मला सांगतात, "नको म्हणावं." इतकी वर्षं मी ही पोस्टमनकी करतेय.

"पण बाबा," मी म्हटलं, "कोणी कोणाचं बघितलं, हे चुकीवरून कसं कळतं?"

बाबा थांबले. "ते नाही कळत. चूक दोन्हीकडे एकच आहे, एवढंच कळतं. आधी कोणाकडे होती हे निराळं शोधावं लागतं."

"मग तुम्ही शोधलंत?"

"कशाचं?"

"पाच कप्प्यांचं. खारूला विचारलंत, की तू बघितलंस की त्यानं तुझं बघितलं?"

"दोघांनाही शून्य दिलं ना? मग विचारायचं काय त्यात?" असं म्हणून बाबा पाणी प्यायला लागले. ग्लास रिकामा झाला तरी तो तोंडाला लावून बसले. मग म्हणाले, "आज हे कुठून निघालं?"

"ऑफिसातलं आहे," मी म्हटलं आणि ताटं उचलली.

भांडी घासता घासता मला एकदम आशा वाटायला लागली. परक्या फायलीवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं टोपणनाव होतं. ते खारूचंच असलं तर? त्यानंच पूर्वी कधीतरी लिहून खुलं ठेवलं असेल आणि आता स्वतःचंच स्वतः वापरलं असेल. मग ती चोरी कसली, या खिशातलं त्या खिशात. शिवाय एकसष्टावा कप्पा त्याच्या स्वभावात चपखल बसत होता. लहानपणापासून त्याला प्रत्येक गोष्ट एक जास्तीची लागते. दोन पेनं, दोन रुमाल, पाकिटात शर्टाचं एक सुटं बटण. खारीसारखा कुठं कुठं साठवून ठेवतो, म्हणून तर खारू. मला इतकं हलकं वाटलं की एकच पातेलं मी दोनदा घासलं. मग म्हटलं, थांब बाई, विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. एकदा तसं करून झालंय या घरात.

सकाळी ऑफिसात गेले ती तडक चाचणीच्या खोलीत. तिथं फ्रिज ओळीनं उभे असतात, दिवसभर घुरघुरत. खारूचं डोकं एका फ्रिजमध्ये होतं.

"ताई? पोट कसंय?"

"खारू, एक विचारते, खरं सांग. तो एकसष्टावा कप्पा कोणाचा?"

त्यानं डोकं बाहेर काढलं. फ्रिजचं दार लावलं. ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं.

"तू विचारतेयस," तो म्हणाला.

"मग? विचारू नको?"

"तसं नाही. तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं." तो थोडा वेळ दाराच्या मुठीशी चाळा करत राहिला. "तो पाचवा कप्पा माझा होता, ताई. त्या पोरानं माझं बघितलं होतं. मी कोणाचंच नव्हतं बघितलं."

मला रडूच आलं. खोलीच्या मधोमध उभी राहून मी ओढणीनं नाक पुसत होते. "मला वाटलंच होतं! म्हणजे हेही तसंच आहे. ती बाहेरची फाइल तुझीच आहे. टोपणनावानं तूच लिहून ठेवलीस आणि..."

"नाही," खारू म्हणाला. "हे मी उचललंय."

ओढणी माझ्या नाकाशीच राहिली. फ्रिज तेवढे बोलत होते.

मग त्यानं सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्याच्या सरासरीत काहीतरी चुकत होतं, खोट्याच घंटा वाजत होत्या, साहेब रोज पाठीशी लागलेले. तिसरीही नोकरी जाणार असं त्याला वाटायला लागलं. शोधता शोधता त्या परक्याची फाइल सापडली आणि ती बिनचूक चालली. अट त्यानं वाचली होती. ती आपल्या साहेबांना परवडणार नाही हेही त्याला कळत होतं. म्हणून नावं बदलली, मांडणी बदलली आणि मूग गिळून गप्प बसला.

"मग तो मेला कप्पा का ठेवलास? तेवढा काढला असतास तर मला कधी दिसलंच नसतं!" मी ओरडले, आणि आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

"कशासाठी आहे तेच कळेना," खारू म्हणाला. "काढला आणि सगळं बंद पडलं तर? चालतंय ना, मग हात कशाला लावा."

हे वाक्य मी या धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलंय. एरवी मला त्याचं हसू येतं.

तो माझ्या जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पण आता कळलंय मला, तो बिनकामाचा आहे. आत्ता काढून टाकतो. पुन्हा चाळणी लाव, ठिपका हिरवा होईल. कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळलं नसतं, हेच तर वाईट होतं. दवाखान्याला कळलं नसतं, औषधं तितकीच गार राहिली असती. तो परका माणूस तर आम्हाला ओळखतही नव्हता. मला बाबांचा भयंकर राग आला. घरात एखादा देव ठेवला असता तर त्याच्यावर भार टाकून मी मोकळी झाले असते, माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. आता या खोलीत बघणारी होते ती मी, आणि समोर माझाच भाऊ. मला 'काढून टाक' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

खारूनं माझं तोंड बघितलं आणि त्याचे खांदे पडले.

"तू विचारायलाच नको होतंस," तो म्हणाला. "लपवलं ते कोणी विचारत नव्हतं म्हणून. तू विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नाही, आणि आता तुलाही सही करता येणार नाही. चल. बाईंना मी सांगतो. तू नुसती सोबत ये."

वकीलबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदाच माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काल पोट बिघडलं होतं ते हेच का?" मी मान हलवली. मग त्या खारूला म्हणाल्या, "उचललंस याचं मला फारसं काही नाही. आधी येऊन बोलला असतास तर मार्ग काढला असता. लपवलंस, ते मात्र मला साहेबांच्या कानावर घालावं लागेल." खारू 'हो' म्हणाला. तो इतक्या सहज 'हो' म्हणाला की मलाच भडभडून आलं.

त्यानंतरचे दिवस माझा जीव टांगणीला होता. यंत्रणा अजून कोणाला दिलेली नव्हती हे नशीब. साहेबांनी तो भाग दुसऱ्या माणसाकडून नव्यानं लिहून घेतला, साठ कप्प्यांचा, आणि दवाखान्याला उशिराचं खरं कारण कळवलं. मला अर्धा दिवस गप्प बसल्याबद्दल लेखी समज मिळाली. खारूला घरी पाठवलं. पाकिटातलं सुटं बटण तेवढं घेऊन निघालो, असं तो फोनवर म्हणाला. विनोद करायला गेला होता बिचारा.

मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "उचललं होतं ना त्यानं?"

"हो, उचललं होतं. आणि स्वतः जाऊन सांगितलंही," मी म्हटलं. "पण तो पाचवा कप्पा त्याचा होता, बाबा. तेव्हा त्यानं कोणाचंच बघितलं नव्हतं."

बाबा उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. चहा झाल्याची दोनदा हाक मारली तरी बाहेर आले नाहीत.

रविवारी खारू जेवायला आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. नव्या नोकरीचं विचारायची माझी छाती होईना, म्हणून मी भाजी वाढत राहिले. त्यानं त्या परक्या माणसाला माफीचं पत्र पाठवलं होतं, कोणी सांगितलं नसताना. त्याचं उत्तर आलं होतं, ते तो मला वाचून दाखवायला लागला. मला म्हणजे बाबांना.

"ताई, तो लिहितो, राग नाही, कळवलंत हे बरं केलंत. आणि पुढे म्हणतो, 'एकसष्टावा कप्पा माझाही नाही. मी ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडेही तो होता. कशासाठी ते मलाही माहीत नाही. काढायला मी घाबरलो.'"

"माकडहाड," बाबा पुटपुटले.

मी हसले. खारूही हसला असता, पण बाबांनी हातातला चमचा खाली ठेवला होता आणि ते सरळ त्याच्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

"तो पाचवा कशासाठी काढला होतास?"

खारूनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत राहिले. या वेळी मधे पडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"जास्तीचा म्हणून," खारू म्हणाला. "आईच्या हृदयाचा एक कप्पा नीट चालत नाही, असं डॉक्टर तुम्हाला सांगत होते. मी दाराशी उभा होतो. मला चार माहीत होते, बाबा. तुम्हीच शिकवले होते. पण मला वाटलं, एक जास्तीचा असायला हवा."

बाबांचा हात टेबलावर होता. त्यांनी दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला.

"चूक आहे," ते म्हणाले. "चूकच आहे ती. पण मी विचारायला हवं होतं."

बाबांनी चमचा उचलला, भाजीत घातला आणि तसाच धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. खारूनं मिठाचं भांडं हातात घेतलं.

"मीठ हवंय का, बाबा?" त्यानं विचारलं.

"दे," बाबा म्हणाले.